इंजिन ठणठणीत, पत्रा गेला

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटारगाडी. पत्रा गंजलाय, पण कान अजून शाबूत आहेत. इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावात, एका उतरत्या गल्लीत, क्लाइव्ह आणि ग्लेनिस यांच्या दारात माझा मुक्काम. क्लाइव्ह निवृत्त बसचालक, ग्लेनिस त्यांची बायको. मी नवी होते तेव्हा काय ऐट होती माझी! दर रविवारी साबणाने आंघोळ आणि पुसायला मऊ फडकं. ग्लेनिस माझ्यावरच गाडी शिकल्या. दोनदा फाटकावर आदळल्या आणि दोन्ही वेळा फाटकालाच बोलल्या.

राहायचं मात्र उघड्यावर. गॅरेज होतं हो, पण त्यात मोठा फ्रीझर, वाळलेल्या रंगाचे डबे, नाताळचं खोटं झाड आणि मोडक्या खुर्च्या. आमच्याकडे गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं ठेवतात. भिजून भिजून माझा पत्रा सडला आणि यंदाच्या वार्षिक तपासणीत मी नापास झाले. इंजिन ठणठणीत आहे, पण खालचा सांगाडा गेला, असं तपासणारा म्हणाला.

त्याच आठवड्यात क्लाइव्ह गॅरेज रिकामं करू लागले. फ्रीझर शेजाऱ्यांकडे गेला, जमिनीला राखाडी रंग लागला. मला वाटलं, चला, आता मला आत घेणार! कसलं काय! क्लाइव्हना सुटे भाग मागवून घरीच स्पोर्ट्स कार बांधायची होती. सांगाडा नवा येणार. इंजिन, गिअर, चाकं माझी काढणार. म्हणजे मला सुटी सुटी करणार! पण हे जमलं नाही तर मी थेट भंगारात जाणार, हेही कानावर आलं. मग मी मनात म्हटलं, बांधा बाबा, लवकर बांधा.

तयारीत क्लाइव्हनी कसर ठेवली नाही. जमिनीवर चिकटपट्टीने नव्या गाडीची आकृती आखली. भिंतीपासूनचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. सीटच्या जागी पुठ्ठे उभे करून आत उशा ठेवल्या. शनिवारी चहाचे मग घेऊन दोघं त्या गाडीत बसायला आली. ग्लेनिस अलगद बसल्या. क्लाइव्ह बसले आणि पुठ्ठा टर्रकन फाटला. गॅरेज मोजलं, भिंत मोजली, स्वतःचं पोट मोजायचं राहूनच गेलं!

त्यांचा चेहरा पार उतरला. किती वर्षं मनात जपलेली हौस ती!

"राहू दे," ते पुटपुटले. "भंगारवाल्याला फोन करतो."

मी तर हायच खाल्ली.

ग्लेनिसनी आधी चहा संपवला. "तुझं पोट मी लग्नापासून बघतेय. ते काही कमी व्हायचं नाही. रुंद सांगाडा मिळतो का विचार. नाहीच मिळाला, तर तू बांध, मी चालवीन. तू आपला बसने ये मागून."

क्लाइव्ह इतके हसले की चहा सांडला. सोमवारी त्यांनी फोन केला. रुंद सांगाडा मिळत होता. असले पोटवाले हौशी काही ते एकटेच नव्हते.

आज सकाळी क्लाइव्ह पाने घेऊन आले. पहिला नट सोडवण्याआधी ग्लेनिसनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"घाबरू नकोस गं," त्या म्हणाल्या. "पहिली फेरी आपण दोघीच मारू."

मित्रांनो, एवढंच सांगते. तुमच्या दारातलं जुनं काही टाकून देण्याआधी ते एकदा चालवून बघा. क्लाइव्हनी शेवटची म्हणून मला किल्ली लावली, आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले.