वेगळ्या पातेल्यातले वरण

आप्पासाहेबांपुढे ताट वाढलेले होते. भाकरीच्या फुटलेल्या पापुद्र्यातून अजून वाफ निघत होती. दुधी भोपळ्याची भाजी होती, मूठभर भात होता, आणि वाटीतले मुगाचे वरण इतके निश्चल होते की वर फिरणाऱ्या पंख्याची पाती त्यात दिसत होती. टेबलापलीकडे आम्रपालीबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. त्यांच्या सासूबाई शालूबाई खुर्चीतच मांडी घालून बसल्या होत्या आणि पाहुण्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून पाहत होत्या.

तो हात भाकरीचा तुकडा मोडून जागीच थबकला होता.

त्याआधी एवढेच बोलणे झाले होते, आणि तेही मायेने. “तुमच्यापुरतं सगळं वेगळ्या पातेल्यात केलंय हं,” आम्रपालीबाई म्हणाल्या होत्या. “आमच्या मिठाचा कणसुद्धा लागू दिला नाही. मेडिकलमधून ते खास मीठ आणलं, कमी सोडियमवालं. दुकानदार म्हणाला, पेशंटला हेच देतात.”

ते मीठ आप्पासाहेब ओळखून होते. सोडियम कमी करायचे म्हणून त्यात पोटॅशियम घातलेले असते. नुसत्या रक्तदाबाच्या माणसाला ते मानवते. ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्याला ते विषासारखे. साताऱ्याच्या डायलिसिस केंद्रातले तरुण डॉक्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, “काका, हे मीठ घराच्या उंबऱ्यातसुद्धा आणू नका. पोटॅशियम वाढलं की दुखत नाही, खुपत नाही. हृदय थांबतं, एवढंच.” गेल्या उन्हाळ्यात भेटीला आलेल्या कुणीतरी प्रेमाने शहाळे आणले, तेही पोटॅशियमने भरलेले; हे त्यातले अर्धे प्यायले, आणि संध्याकाळी पलंगावरून उतरताना पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे खाली कोसळले. दवाखान्यातल्या पडद्यावर त्या वेळी आपल्या हृदयाची रेघ त्यांनी पाहिली होती. पेंगुळलेल्या माणसाच्या अक्षरासारखी ती पसरट होत चालली होती.

आणि आज रविवार होता. गुरुवारी रक्त धुऊन झाले होते, आता सोमवारी पुन्हा. दोन खेपांमधला हा सर्वांत लांबचा पल्ला. या दुपारी त्यांचे शरीर काठोकाठ भरलेल्या घागरीसारखे असे. कुणी बोट बुडवले तरी सांडेल.

सांगून टाकणे किती सोपे होते. ‘ताई, हे मला चालत नाही.’ सारे मिळून पाच शब्द. पण या घरात ते पाच शब्द त्यांच्याआधीच येऊन गेले होते.

त्यांची एकुलती एक मुलगी येसू आणि आम्रपालीबाईंचा कपिल विश्रामबागेतल्या एकाच महाविद्यालयात शिकवत होते. दोघांचे ठरले होते. उरली होती ती वडीलधाऱ्यांची गाठभेट. महिन्यापूर्वी आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ नाथाजी याच टेबलाशी बसून गेले. चहाचा कप पुढे आला तसे ते म्हणाले, “नको, जरा पित्त झालंय.” जिना उतरले, आणि चौकातल्या गाड्यावर उभे राहून दोन वडापाव खाल्ले. कपिल त्यांची विसरलेली गाडीची किल्ली द्यायला मागोमाग गेला होता. त्याने ते पाहिले. त्या रात्री आम्रपालीबाईंनी मुलाला बजावले, “मुलीचे वडील या घरात पोटभर जेवले, तरच पुढचं बोलणं. नाहीतर लग्न तुमचं तुम्ही करा. मी त्या मांडवात पाहुणी म्हणूनही उभी राहणार नाही.”

हे सगळे येसूने गाडीत सांगितले होते, कराड मागे पडल्यावर, खिडकीबाहेर पाहत. “बाबा, मी कपिलला कळवलंय, मीठ कमी लागतं म्हणून. भाज्या उकळून त्यांचं पाणी कसं फेकून द्यायचं तेही सांगितलंय. तुम्ही फक्त बसा आणि जेवा.” मीठ कमी लागते. सांगितले होते ते तेवढेच. कोणते मीठ कधीच चालत नाही, हे सांगायचे राहिले होते, आणि त्या राहिलेल्या जागेत एका बाईचे सारे अगत्य येऊन बसले होते.

आता येसू इथे नव्हती. शालूबाईंना जेवणावर आइस्क्रीम लागते म्हणून ती आणि कपिल चौकात गेले होते, आणि भाकरी निवू नये म्हणून पाहुण्यांना आधी वाढले गेले होते.

“आवं पावणं, जेवा की,” शालूबाई म्हणाल्या. “का आमच्या तोंडाकडं बगूनच पोट भरायचं?”

“नाही, म्हणजे…” आप्पासाहेब पुटपुटले. “माझं जरा पथ्य असतं, तर…”

“पथ्य व्हय?” म्हातारी गालात हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता. फार दिवस वापरून गुळगुळीत झालेली एक वस्तू होती. “माज्या ह्या जल्मात लय पथ्यं बगितली बगा. पाटलीणबाईचा उपास, मास्तरांचं पित्त, तलाठ्याचं पोट. आमच्या दारात आली की समद्यांची पोटं बिघडायची. येशीपतुर गेली की बरी व्हायची. आमच्या दारात काय हवा न्यारी हुती, कवा उमजलंच न्हाई.”

“आई, पुरे,” आम्रपालीबाई हळूच म्हणाल्या.

“खोटं बोलती व्हय मी? आन् तू तरी काय केलंस? आपल्याच घरात ह्यांचं येगळं भांडं मांडलंस. जे लोक करायचे ते तूच केलंस, बाई.”

आम्रपालीबाईंचा चेहरा दार ओढून घ्यावे तसा हळूहळू मिटत चालला. पळी त्यांनी वरणाच्या पातेल्यात ठेवली, आणि तो बारीक आवाजही आप्पासाहेबांना निकालासारखा वाटला.

ही सगळी वाक्ये त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांच्याच ओसरीवर घडली होती. आत्ताच जेवून निघालो. आज संकष्टी आहे. जरा पोट ठीक नाही. त्यांची आई, त्यांचे चुलते, आणि परवा नाथाजी. कधीही न दुखलेल्या पोटांचे दुखणे सांगत सांगत या माणसांनी ते शब्द उष्टे करून ठेवले होते. आता खरोखरच मरणाची भीती वाटणाऱ्या माणसाला ती सांगायला एकही निर्मळ शब्द उरला नव्हता. पोटॅशियम म्हणावे, तर तो त्याच जुन्या संकष्टीचा नवा इंग्रजी अवतार ठरला असता.

त्यांनी भाकरीचा तुकडा भाजीला लावला आणि तोंडात घातला.

चव किंचित कडवट होती. जिभेच्या मागच्या कडेला, लोखंडी नळाच्या पाण्यासारखी. त्यांनी घास चावला, चावत राहिले, आणि गिळताना घशातून काहीतरी परतीची वाट बंद करत खाली गेले असे त्यांना वाटले.

“कडवट लागतंय का जरा?” आम्रपालीबाईंनी विचारले. “मी चाखून पाहिलं तर मलाही तसंच वाटलं. पण म्हटलं, औषधी मीठ, असेल.”

“छे, छे. छान झालंय.”

मिटत आलेला तो चेहरा पुन्हा उघडला. ते पाहणे भयंकर होते, कारण त्या उजेडाची किंमत त्यांना ठाऊक होती आणि तिला नव्हती. दोन घास खाऊन हात आखडता घ्यावा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. पण दुसऱ्या घासाला आम्रपालीबाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि कपिलच्या लहानपणाबद्दल सांगू लागल्या. तिसऱ्या घासाला हसल्या. आप्पासाहेब भाकरी मोठी मोडत होते आणि भाजी कमी घेत होते. कोरडा भात चिवडत होते. ही असली पोरकट चलाखी त्यांनी आयुष्यात प्रथमच केली, आणि तीही शालूबाईंच्या नजरेतून सुटली नाही.

“वरान तसंच हाय की, पावणं.”

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या मनगटावर दाबून धरला. नाडी होती. ठोका, ठोका, मग जराशी उशिरा आलेली एक जागा, पुन्हा ठोका. ती उशिराची जागा नेहमीचीच होती, की आत्ताच निर्माण झाली? ओठांना मुंग्या येत होत्या, की भीतीच ओठांवरून चालत होती? शरीराचा आणि भयाचा आवाज एकच झाला होता. वाटी उचलून ते वरण प्यायले. वाटी खाली ठेवली, तोच आम्रपालीबाईंनी पळीभर वरण पुन्हा ओतले. त्यांनी मान हलवली. ती नको म्हणून हलली की होय म्हणून, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

“तुम्ही जेवताय ना, फार बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू? सकाळपासून धास्तावले होते मी. म्हटलं, काहीतरी कारण निघेल. निघतंच.”

दुसरी वाटीही संपली, आणि हळूहळू ताटही.

जिन्यावर पावले वाजली. कपिल आणि येसू हसत आत आली. येसूची नजर थेट ताटावर गेली. रिकामी वाटी, पुसल्यासारखे ताट. वडिलांकडे पाहून तिने डोळे असे मिटले, जणू साताऱ्यापासून उचलून आणलेले ओझे आत्ता कुठे खाली टेकवले. आप्पासाहेब तिच्याकडे पाहून हसले. ते हसू तोंडावर नीट बसले नाही, असे त्यांना जाणवले.

“वाट्या आणते,” म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाट्या नव्हत्या. एक पांढरे-निळे पाकीट होते, कोपऱ्यावर कापलेले.

“बाबा, हे कशात घातलं होतं?”

आप्पासाहेबांनी वाटी जरा दूर सारली.

“का गं?” आम्रपालीबाई उठल्या. “त्यांच्यासाठीच आणलंय. सगळ्यात तेच आहे.”

“वरणातसुद्धा?” येसूचा आवाज चिरकला. “काकू, हे त्यांना… यात पोटॅशियम असतं. त्यांच्या शरीरातून ते बाहेरच पडत नाही. हार्ट थांबतं. कपिल, गाडी काढ. मिरजेला, हॉस्पिटलात. आत्ता!” मग ती वडिलांसमोर गुडघ्यांवर बसली. “किती खाल्लंत? बाबा, किती?”

“दोन वाट्या,” शालूबाईच म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली ती गुळगुळीत वस्तू नाहीशी झाली होती. “म्याच म्हणलं, वरान राहिलंय म्हनून. आगं बाई गं…”

कपिल किल्ली घेऊन धावत खाली गेला होता. आप्पासाहेब उभे राहिले. मांड्यांत वाळू भरल्यासारखी झाली होती, तरी पाय आपलेच होते, अजून तरी. येसूने एका बाजूने धरले. दारापर्यंत आले, तेव्हा मागून हाक आली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

आम्रपालीबाई टेबलाशीच उभ्या होत्या. पाकीट आता त्यांच्या हातात होते.

“हो,” आप्पासाहेब म्हणाले.

“मी सांगितलं तेव्हापासून? पहिल्या घासाआधी?”

“हो.”

“काकू, नंतर बोलू,” येसू कळवळली, “वेळ नाही—”

“एकच विचारते. जाऊ दे मग.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की पंख्याच्या घरघरीतून तो वेचून घ्यावा लागला. “दुसरा भात टाकायला मला किती वेळ लागला असता? तुम्ही इथं, या खुर्चीत गेला असतात, तर उद्या साताऱ्यात काय म्हणाले असते, साहेब? कुणाच्या घरी जेवले आणि गेले, म्हणाले असते? जन्मभर मी ते कुठं ठेवलं असतं? तुमच्या भावाला आमचा चहा नको होता, ते मला कळतं. तुम्हाला काय नको होतं? मला एक खरं वाक्य ऐकता येईल, एवढंही तुम्हाला का वाटलं नाही?”

शालूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आप्पासाहेबांनी त्या बाईकडे पाहिले. आपण तिच्यासाठी जीव पणाला लावला, असे गेला अर्धा तास ते स्वतःला सांगत आले होते. आता पहिल्यांदाच तो अर्धा तास त्यांना तिच्या बाजूने दिसला, आणि मनगटातल्या चुकणाऱ्या ठोक्याहून ते अधिक घाबरले. त्यांचे ओठ हलले. जीभ जड झाली होती. मिठाने, की कशाने, कोण जाणे.

येसूच्या खांद्याचा आधार घेऊन ते वळले. कठड्याला हात लावला, आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरू लागले.