वहाबच्या हातची मलवाह

वहाबला चहासुद्धा धड करता येत नसे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सौदीतल्या जिझानच्या एका गोदामात तो स्टोअरकीपर. सरकारी हुकूम आला, ती जागा आता सौदी माणसालाच. दुसरं काम मिळालं नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना खलास, आणि लेकीची, निदाची दहावी अर्ध्यावर टाकून सगळ्यांनी कोकणात मुरुडला परत. त्याच्या बायकोच्या, हफीजाच्या जिवाला घोर लागला होता.

ज्याच्या जामिनावर ते तिथे राहत, त्या कफील अबू सालेमला त्यांनी शुक्रवारी नाश्त्याला बोलावलं. शब्द टाकायचा तर भरल्या पोटी, हे हफीजाचं मत. तिने मलवाह करायला घेतली. मैद्याचा पातळ पापुद्रा ताणायचा, लोणी फासायचं, घड्या घालून तव्यावर टाकायचा. सोबत किसलेला टोमॅटो, उकडलेली अंडी, हिरव्या मिरचीची चटणी. शिकवलं होतं दिवोराने. मुरुडची शेजारीण, बेने इस्रायल ज्यूंच्या घरची, लग्न होऊन इस्रायलला गेलेली. व्हॉइस नोटवरून अजून दटावायची, "अगो, लोणी मोजतेस काय? घाल!"

वहाब हादरला. "तिकडचा पदार्थ कफीलपुढे? डोकं फिरलंय का तुझं?"

"रोटीच्या कपाळावर गाव लिहिलंय का?"

परक्या पुरुषासमोर बाईने यायचं नाही, म्हणून हफीजा दाराआड कान लावून उभी राहिली. पहिला घास गेला आणि ताटली बाजूला सरकवल्याचा आवाज आला. या अल्ला, बुडालो, तिला वाटलं.

"ही माझ्या आजीची रोटी," अबू सालेम म्हणाला. "यमनची होती ती. तिच्यामागे अशी कुणी केली नाही."

हफीजाला आठवलं, दिवोराची सासूसुद्धा यमनचीच!

"माझ्या हॉटेलाला आचारी हवाय," तो म्हणाला. "ती जागा परदेशी माणसाला चालते. ही केली कुणी?"

वहाब खरं बोलणारा गडी. तो तोंड उघडायच्या आत दाराआडून हफीजाचा आवाज आला, "वहाब! वहाब तब्बाख! तोच आचारी!"

"मग पुढच्या शुक्रवारी माझ्या घरी करून दाखव. यल्ला!"

पाहुणा जाताच वहाबने कपाळाला हात लावला. "काय केलंस हे! मला मैदा नि कणीक यातला फरक कळत नाही!"

"कळेल. उठा, हात धुवा."

आठवडाभर पापुद्रे फाटले. दिवोराची व्हॉइस नोट आली, "फाटू दे, वहाबभाई. माझ्या सासूने माझी पहिली कोंबड्यांना घातली होती. खाली छापील कागद ठेवा. पापुद्र्यातून अक्षर वाचता आलं, की जमलं."

गुरुवारी वहाबने जीव मुठीत धरून पापुद्रा ताणला. निदाने आपलं दहावीचं पुस्तक खाली सरकवलं आणि वरून पहिली ओळ घडाघडा वाचली.

हफीजाने ओढणीने डोळे पुसले. "पुस्तकाला लोणी लावू नकोस गो," ती म्हणाली, "वर्षभर पुरवायचंय ते."