टोपली रिकामी झाली तेव्हा

मित्रांनो, माझं तोंड तुम्ही कधी पाहिलं नसेल. कॉम्प्युटर म्हटला की सगळ्यांना पडदा आठवतो आणि कौतुकही त्याचंच होतं. मी मात्र खालच्या पत्र्याच्या पेटीत, स्क्रूंनी जखडलेली, अंधारात बसून असायचे. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हणालात तर चालेल, भंगार म्हणालात तर खपवून घेणार नाही. तुमची चित्रं, तुमची गाणी, तुमचे अर्धवट सोडलेले निबंध, सगळं माझ्याच पोटात ठेवलेलं असतं. शाबासकी मात्र पडद्याला!

माझा जन्म अशा खोलीत झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथली माणसं डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. त्यांचे फक्त डोळे दिसत. त्यांनी माझ्यात चकचकीत तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावर एक बारीक दांडी ठेवली. तबकड्या गरगर फिरतात आणि दांडीचं टोक त्यांना न शिवता, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून लिहितं आणि वाचतं. चुकून शिवलं, की कारभार आटोपला. म्हणजे बघा, मी जन्मभर जीव मुठीत धरूनच काम केलं.

मला ज्या घरी आणलं, तिथे आई आणि लेक अशा दोघीच राहत. पुढच्या खोलीत आईचं शिवणकाम चाले. कापड कापायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला आमचा कॉम्प्युटर होता. एकीकडे शिलाई मशीनची खडखड, दुसरीकडे माझी गुरगुर. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, अशा माणसांचे कपडे आई शिवायची. कुणाचा हात कोपरात वाकत नसे, तर कुणी दिवसभर चाकांच्या खुर्चीत बसून असे. पाठीला मोठा बाक असलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना नीट बसणारा कोट आजवर कुणी शिवून दिला नव्हता. आईने तो बेतला, उसवला, पुन्हा बेतला आणि जमवलाच. कोट घालून बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज पहिल्यांदा पाठ नाही, कोट दिसतोय हो." आईने पदराला डोळे पुसले. मी पेटीत होते, पण मलाही भरून आलं.

कापड कापण्याआधी आई कपड्याचा प्रत्येक भाग कागदावर आखायची. ते कागद म्हणजे तिची सगळी विद्या. पुढे कागदांच्या ट्रंकेत वाळवी शिरली. तेव्हा लेकीने एकेक कागद जमिनीवर अंथरला, शेजारी मोजपट्टी ठेवली, फोटो काढले आणि माझ्यात भरले. मग वाळवी लागलेले ते सगळे कागद जाळून टाकले. आता आईची विद्या फक्त माझ्याजवळ होती. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आता नीट ऐका, कारण घोळ इथेच झाला. आईच्या टेबलाखाली खिळ्याला एक पिशवी टांगलेली असायची, चिंध्यांची. कापून उरलेला तुकडा, एकटं पडलेलं बटण, वीतभर लेस, सगळं त्या पिशवीत जायचं आणि वेळेला तिथूनच बाहेर यायचं. "चिंधी म्हणजे उद्याचं अस्तर," असं आई म्हणायची. ती पिशवी या घरात कधी कुणी झटकली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात टोपलीचं चित्र पाहिलं, तेव्हा आईला वाटलं, ही कॉम्प्युटरची चिंध्यांची पिशवी. लेकीने फोटो तीन कप्प्यांच्या आत ठेवले होते. ते आईला सापडत नसत. टोपली कशी, समोरच! तिने एकेक करून सगळे फोटो टोपलीत टाकले. लागला की बाहेर ओढायचा, कागदावर आखून घ्यायचा, काम झालं की परत आत. ती कचऱ्याची टोपली आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही कुणाला विचारलं नाही. मला सगळं दिसत होतं. पण मला कुठे जीभ आहे?

मी नवीन होते तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, केवढी जागा आहे! जन्मात भरायची नाही." भरली की हो! एकाच मांजराचे ढीगभर फोटो, पाहून झालेले सिनेमे, कंटाळा आलेले खेळ, एकच निबंध 'शेवटचा', 'अगदी शेवटचा' आणि 'आता नक्की शेवटचा' अशा नावांनी. पोट तट्ट फुगलं. माझं काम मंदावलं. मग सुरू झाल्या शिव्या. "मेलं डबडं! हलतच नाही!" अरे, कोंबणारे तुम्ही आणि डबडं मी?

एका रविवारी दुपारी लेक घामाघूम होऊन माझ्यासमोर बसली. दुसऱ्या दिवशी तिची मोठी परीक्षा होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. त्यासाठी एक भलामोठा प्रोग्राम संध्याकाळच्या आत उतरवून घ्यायचा होता. आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'जागा अपुरी आहे.'

तिने सिनेमे काढले. खेळ काढले. मांजराचे फोटो काढताना जरा हात अडखळला, पण काढले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तरीही जागा पुरेना. घड्याळाकडे बघत ती नखं कुरतडायला लागली. मग तिचा बाण हळूहळू कोपऱ्यात सरकला, टोपलीकडे.

अगं, थांब! आत उघडून तरी बघ!

कॉम्प्युटरने रीतीप्रमाणे विचारलं, 'हे सगळं कायमचं काढायचं, नक्की ना?' तिने न वाचताच 'हो' म्हटलं. कागद चुरगळल्यासारखा आवाज झाला. टोपली रिकामी झाली.

मित्रांनो, आमच्या जगातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टोपली रिकामी केली, तरी माझ्या तबकडीवरचं लिहिलेलं लगेच पुसलं जात नाही. फक्त दारावरची पाटी निघते. आतला माणूस आतच असतो. पण पाटी नाही म्हणजे घर रिकामं, असं समजून नवीन बिऱ्हाड केव्हाही त्याच्यावर येऊन बसतं. बसलं, की आतला गेला, कायमचा.

आणि नवीन बिऱ्हाड दाराशीच उभं होतं. लेकीने प्रोग्राम उतरवायला लावला आणि पाणी प्यायला आत गेली. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. माझी दांडी धावायला लागली. इथे लिही, तिथे लिही. मी हुकमाची ताबेदार, नाही म्हणता येत नाही. पहिले तुकडे सिनेमांच्या जागी पडले. हुश्श! मग खेळांच्या जागी. मग आईच्या कागदांच्या अगदी शेजारी. मी खरखर केली, कुरकुर केली. पण माझी कुरकुर ऐकायची त्या घराला सवयच होती.

तेवढ्यात आई आली. तिच्या हातात निळं कापड होतं. शाळेच्या बाई निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या दिवशी त्यांना नवा कोट हवा होता. आई टोपली उघडायला वाकली आणि तशीच राहिली.

"अगं, ही टोपली रिकामी कशी?"

"मी केली. जागा नव्हती," लेक आतून म्हणाली.

"मग माझे कटिंगचे कागद कुठे ठेवलेस?"

"कागद? ते तुझ्या फोल्डरमध्ये आहेत ना!"

"छे गं. मी सगळे इथेच ठेवते. या पिशवीत."

लेक धावत बाहेर आली. तिने फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मामाला फोन लावला. मामा फोटोग्राफर. त्याच्या कॅमेऱ्यातले फोटो एकदा असेच उडाले होते आणि त्याने ते परत मिळवले होते, हे तिला आठवलं.

"मामा, आईचे सगळे कागद माझ्या हातून गेले!"

"त्यानंतर कॉम्प्युटरवर काही केलंस?"

"परीक्षेचा प्रोग्राम उतरतोय."

"आत्ता? बंद कर! वायर ओढ! बोलत बसू नकोस!"

हिरवी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. लेकीचे डोळे कधी पट्टीकडे, कधी आईकडे. माझी दांडी आता बाईंच्या कोटावर आली होती. आईला काय चाललंय ते नीटसं कळलं नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळला. ती म्हणाली, "तुझी परीक्षा आहे ना? राहू दे. मी परत मापं घेईन."

"कुणाकुणाची घेशील, आई? खुर्चीतले काका तर आता राहिलेही नाहीत. त्यांच्या कागदावरूनच तू बाकीच्या खुर्चीतल्यांचं बेततेस ना?"

असं म्हणून ती टेबलाखाली शिरली आणि तिने वायर हिसकली.

सगळं गप्प झालं. माझी दांडी चटकन कडेला जाऊन विसावली. तबकड्या हळूहळू थांबल्या. त्यानंतर काय झालं, ते मला मामाच्या स्टुडिओत जाग आली तेव्हा कळलं. त्याने मला पेटीतून काढून त्याच्या कॉम्प्युटरला जोडलं होतं. आई आणि लेक खुर्च्या ओढून बसल्या होत्या. मी एकेक घर चाचपत गेले. किती वेळ गेला कोण जाणे. मग पडद्यावर एक कागद उमटला.

"काकांचा!" आई ओरडली.

"ताई, श्वास घे आधी," मामा म्हणाला.

मग एकामागून एक येत गेले. न वाकणाऱ्या हाताचा सदरा आला. बाईंच्या कोटाची पाठ आली, पुढचे भाग आले, कॉलर आली, उजवी बाही आली. डावी बाही आली ती अर्धीच. उरलेला भाग नुसता करडा. तिच्यावर ते बिऱ्हाड बसलं होतं. मी खूप शोधलं हो, पण नाही सापडली.

लेक हुंदके देऊ लागली. आईने तिला जवळ ओढलं. "रडतेस काय, वेडाबाई? टोपलीत मीच टाकलं होतं ना?"

"पण मी तुला विचारलं का नाही?"

दुसऱ्या दिवशी लेकीने मामाच्या कॉम्प्युटरवर परीक्षा दिली. बाईंना निरोप गेला, तशा त्या आल्या. टेबलापाशी उभ्या राहून त्यांनी डावा हात पुढे केला. "घ्या माप. हात काही मी टोपलीत टाकला नव्हता." आई इतकी हसली, की मोजपट्टी हातातून पडली. निरोपाच्या दिवशी बाई निळा कोट घालून आधी आईला दाखवायला आल्या. बाही अशी बसली होती, की बघत राहावं.

मामाने घरच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन हार्ड डिस्क बसवली. कागद तिच्यात ठेवले, आणखी एक प्रत स्वतःच्या स्टुडिओत ठेवली. मग मला हातात घेऊन तो म्हणाला, "ही आता थकली. देऊ का भंगारात?"

"आण इकडे," आई म्हणाली.

मित्रांनो, जागा जरूर करा. आमचाही जीव मोकळा होतो. पण जे एकुलतं एक आहे, त्याची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. आणि कुठलीही टोपली उपडी करण्याआधी घरात एक हाक मारा, "यात कुणाचं काही आहे का?" तुम्हाला जो कचरा दिसतो, ती दुसऱ्या कुणाची जन्माची कमाई असू शकते.

आईने मला मऊ फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळलं. आता मी टेबलाखाली असते, बटणांच्या आणि लेसच्या शेजारी, त्या चिंध्यांच्या पिशवीत. शिलाई मशीनची खडखड ऐकते आणि निवांत झोपते. ही पिशवी या घरात कुणी रिकामी करत नाही.