तिच्या आताच्या मापाचा बोर्ड

पिठ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सर्फबोर्ड तासताना फोमचा पांढरा भुसा उडतो, तो केसांत, भुवयांत, कानांत जाऊन बसतो. संध्याकाळी काम आटोपून दुकानाच्या दारात उभा राहिला की तो थेट गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. म्हणून पिठ्या. लाटांवर जाणारी सगळी मंडळी त्याला याच नावानं हाक मारत, आणि सख्खी थोरली बहीणसुद्धा. ताई मागच्या खोलीत काम करायची. त्यानं तासून दिलेल्या फोमवर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर चिकट रेझिन ओतून पसरायचं, ते सुकून कडक झालं की घासून गुळगुळीत करायचं. आकार त्याचा, कवच तिचं. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका टायरवाल्याच्या शेजारी त्यांचं दुकान होतं आणि वरच्या दोन खोल्यांत भावंडं राहत होती.

थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी टिटवी दुकानात आली.

टिटवी म्हणजे त्याची आधीची बायको. लाट मिळाली की ती अशी काही किंचाळायची की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागत, त्यावरून ते नाव पडलं होतं. घटस्फोटाला चार वर्षं झाली होती. ती दुसऱ्या गावी राहायला गेली, तिनं लग्न केलं, एवढं पिठ्याच्या कानावर आलं होतं. त्यापुढचं त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

"दुकान आहे तसंच आहे," ती दारातूनच म्हणाली.

"टायरवाल्यानं पाटी बदलली," पिठ्या म्हणाला.

ती हसली, आत आली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसली. या बाकावर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. पूर्वी ती सरळ टेबलावर चढून बसायची.

"मला एक बोर्ड करून हवाय. उन्हाळ्यासाठी. आमच्याकडे उन्हाळ्यात लाटा म्हणजे नुसत्या सुरकुत्या. गुडघ्याएवढ्या, फार तर कमरेएवढ्या. जुना बोर्ड त्यात चालतच नाही, बुडतो. पण मधूनच एखाद्या दिवशी छातीएवढी लाट येते, तेव्हा अंगाखाली फळकूट नको. आणि बोर्ड एकच. दोन ठेवायला घरात जागा नाही."

"म्हणजे चारा शेळीएवढा आणि दूध म्हशीएवढं."

"तुला जमतं म्हणून आले."

पिठ्यानं स्टूल ओढलं आणि कानामागची पेन्सिल काढली. नवीन गिऱ्हाइकाला विचारतो ते सगळे प्रश्न त्यानं ओळीनं सुरू केले. आठवड्यातून किती वेळा पाण्यात? दोनदा, कधी एकदाच. उंची? तीच. बोर्डवर उभं राहताना पुढे कुठला पाय?

"हेही विसरलास?"

"विसरलो नाही. सगळ्यांना विचारतो."

"डावा," ती हळूच म्हणाली.

"वजन?"

"तुला माहीत आहे त्यापेक्षा आठ किलो जास्त."

"मजा आहे. चांगलं खाऊपिऊ घालतोय तो."

"तसं नाही रे." तिनं मांडीवरची पिशवी उगाच इकडची तिकडे केली. "मुलगी झाली मला. नऊ महिन्यांची आहे."

शेजारी टायरवाल्याचा पंप सुरू झाला. त्या आवाजाचं पिठ्याला बरंच वाटलं.

मूल व्हावं म्हणून त्या दोघांनी काय काय केलं नव्हतं? किती दवाखाने झाले. डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं रोज संध्याकाळी तोच तिला द्यायचा. आधी बर्फ लावायचा, मग बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत कातडी धरायची आणि सुई टोचायची. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. सुई हलू नये म्हणून तो श्वास रोखून धरायचा, आणि ती त्याला हसायची, सुई मला टोचतेय आणि घाम तुला फुटतोय म्हणून. शेवटची खेपही फुकट गेली तेव्हा दोघांतलं बोलणंच आटलं. भांडण असं झालंच नाही. तो खाली तासत बसायचा, ती वर खिडकीत बसायची, आणि एके दिवशी तिनं बॅग भरली.

"बरं झालं," तो आता म्हणाला. मग पेन्सिल कानामागे खोचत पुन्हा म्हणाला, "खरंच बरं झालं."

"पोट फाडून झाली," टिटवी म्हणाली. "टाके भरलेत, पण बोर्डवर पालथी पडले की तिथे टोचतं. त्यामुळे हातांनी पाणी मारतानाही अंग चोरते, आणि उठायला उशीर होतो. उठेपर्यंत लाट निघून जाते. हे तुला सांगणं भाग होतं."

"हो. सांगायलाच हवं." त्यानं हवेत तळहात आडवा धरला. "म्हणजे छातीखाली जाडी वाढवू. आणि पोटापाशी..." तळहात किंचित खाली गेला, "इथे जरा खोलगट ठेवू. टाका टेकणार नाही."

ती त्याच्या तळहाताकडे बघत राहिली. मग उठून मागच्या खोलीत ताईला भेटायला गेली. आतून दोघींची कुजबुज ऐकू आली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज. तो कुणाचा होता हे बघायला पिठ्या गेला नाही.

त्याच आठवड्यात त्यानं काम हाती घेतलं. फोमचा ठोकळा स्टँडवर चढवला, आकार आखला, कापला, विजेचा रंधा फिरवला. काम इतकं सरसर होत गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, निमुळतं, पुढचा भाग छान उचललेला, कडा पातळ. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ताईला हाक मारली.

ताईनं हातमोजे काढले आणि फोमवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला.

"हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तिचाच."

"तिचा नाहीये हा. हा पंचविशीतल्या टिटवीचा आहे. दिवसभर पाण्यात असायची, काटकुळी होती, त्या पोरीचा. ही बाई यावर बसली तर गळ्यापर्यंत बुडेल."

पिठ्यानं पट्टी लावून बघितलं. ताईचं खरं होतं. कानांनी त्यानं आठ किलो ऐकलं होतं, पण हात जुनीच ओळख धरून चालले होते. छातीखाली जाडी नव्हती, आणि पोटापाशी फोम सपाटच राहिला होता.

तो खाली भुशातच बसला. "तुला माहीत होतं? मुलीचं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू तिचा विषय निघाला की उठून जातोस. तुझ्या मागे धावत येऊन सांगू?" ताई त्याच्याशेजारी बसली आणि हातातल्या मोज्यानंच त्याच्या भुवया झटकल्या. "नको वाटत असेल तर तिला नाही म्हण. मी फोन करते."

"नाही. करतो मी."

तो फोम त्यानं बाजूला टाकला आणि दुसरा घेतला. या वेळी हातांवर भरवसा न ठेवता प्रत्येक गोष्ट मोजून केली. लांबी चार बोटं कमी. नाक गोलसर आणि रुंद, म्हणजे मिळमिळीत लाटेतही बोर्ड पाण्यावर तरंगत राहील. पुढची उचल कमी, कारण उचललेलं नाक लहान लाटेत पाणी ढकलत बसतं आणि वेग मरतो. मधल्या कडा भरीव, मागच्या धारदार. शेपूट मात्र त्यानं आत घेतलं, नाहीतर छातीएवढ्या लाटेत मागचा भाग निसटला असता. तळाला फिनसाठी, म्हणजे माशाच्या परांसारख्या पात्यांसाठी, पाच खाचा ठेवायच्या ठरवल्या. लाट लहान असेल तर दोनच फिन लावायच्या, मोठी असेल तर तीन.

उरला पोटाचा खोलगटपणा. तो नेमका कुठे घ्यायचा? त्यानं एक तयार बोर्ड जमिनीवर ठेवला आणि ताईला त्यावर पालथं पडायला लावलं. तिची नि टिटवीची उंची सारखीच होती.

"माझं पोट नि तिचं पोट एक धरतोस का?" ताई पडल्या पडल्या म्हणाली. "इथे खड्डा नाही, तळं करावं लागेल."

"हलू नकोस."

"हसवू नकोस मग."

त्यानं पेन्सिलीनं खूण केली, आणि तिथे मात्र रंधा लावला नाही. लाकडी गुटक्याला पॉलिशपेपर गुंडाळून हळूहळू घासत राहिला. बेंबीच्या खाली, आडव्या टाक्याएवढी जागा. एका दुसऱ्याच माणसाच्या लेकीनं सोडलेली खूण, तिला लागू नये म्हणून तो घासत होता. मध्येच थांबून तळहात ठेवून बघायचा, पुन्हा घासायचा. तोंडावरचा मास्क ओला झाला, तो त्यानं बदलला आणि काम पुरं केलं.

ताईनं कवच चढवलं. रंग दिला नाही. पांढराच राहू दे, असं त्यानं सांगितलं होतं.

उन्हाळा लागता लागता टिटवी बोर्ड न्यायला आली. सोबत नवरा होता, आणि कडेवर मुलगी. नवरा साधासुधा, थोडा टकलू माणूस निघाला. त्यानं पुढे होऊन पिठ्याचा हात हातात घेतला. "तुमच्याबद्दल ही फार चांगलं बोलते," तो म्हणाला. त्याचा राग यावा असं पिठ्याला मनापासून वाटत होतं, पण माणसानं तेवढीही सोय ठेवली नाही.

टिटवीला बोर्ड लगेच पाण्यात घालून बघायचा होता. लाटा कमरेएवढ्याच होत्या, हव्या तशा. नवऱ्याला गाडीच्या टायरचं काही काम निघालं होतं, तो शेजारच्या दुकानात गेला. टिटवीनं कपडे बदलले आणि सहजच, कुणाच्याही हातात द्यावं तसं, मुलीला पिठ्यापुढे धरलं.

"जरा घेतोस?"

मुलगी त्याच्याकडेच बघत होती. तोंडात मूठ, हनुवटीवर लाळ, आणि आईसारखे जरा लांब लांब डोळे.

"माझ्या हातांना रेझिन लागलंय," तो म्हणाला.

हात स्वच्छ होते. सकाळीच नखंसुद्धा घासली होती. टिटवीनं ते हात बघितले, ताईनंही बघितले. मग ताई पुढे आली आणि तिनं मुलीला घेतलं.

किनाऱ्यावर एक बुटकी भिंत होती. पिठ्या तिथे जाऊन उभा राहिला. पहिल्या दोन लाटा टिटवीला गवसल्या नाहीत. तिसरीला तिनं दोनचार हात मारले आणि बोर्ड असा निघाला की ती स्वतःच क्षणभर गोंधळली. मग उठली, गुडघे वाकवले आणि लाटेच्या अंगावरून वळण घेत घेत पार उथळ पाण्यापर्यंत आली. पालथी पडतानाही आता अंग चोरत नव्हती. पिठ्यानं नकळत कान टवकारले होते. पण ती किंचाळली नाही. त्या लाटेवर नाही, पुढच्या एकाही लाटेवर नाही.

ती निथळत बाहेर आली आणि बोर्ड भिंतीला टेकवून त्याच्यापाशी उभी राहिली.

"कुठेच टोचत नाही," ती म्हणाली. "मी आहे तसा आहे तो."

"मोठ्या लाटेला तीन फिन लाव. विसरू नकोस."

"नाही विसरणार." ती थोडी घुटमळली. "तुला त्रास झाला ना, करताना?"

इतकी वर्षं त्यानं तिला कशालाही हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. मूग गिळून खाली जाऊन बसायची त्याची खोड होती.

"हो," तो म्हणाला. "खूप झाला. तू यायला नको होतंस. दुसरे कितीतरी जण आहेत बोर्ड करणारे."

"माहीत आहे." तिच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, त्यातलं समुद्राचं किती ते कळत नव्हतं. "गेले होते एकाकडे. त्यानं वजन विचारलं, उंची विचारली. पोटाचं काही केल्या तोंडातून निघेना. परक्या माणसाला कसं सांगायचं? तुझ्याशिवाय कुणाला सांगता येईल असं वाटलंच नाही."

पिठ्यानं मान हलवली. त्याला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त लागलं.

"पुढचा बोर्ड दुसरीकडे कर," तो म्हणाला. "रागानं नाही सांगत. मला पुन्हा नाही जमायचं."

तिनं तळहातानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "बरं." आणि बोर्ड उचलून रस्ता चढायला लागली. वर नवऱ्यानं गाडी उभी केली होती. ताईनं मुलीला परत दिलं, तिच्या गालाला हात लावला, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यावर उभी राहिली. पिठ्या तोवर दुकानात शिरला होता.

संध्याकाळी ताई जेवायला हाक मारायला खाली उतरली. तासायच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं आणि रंधा चालू होता. सगळी कामं परवाच संपली होती, नवा फोम सोमवारी यायचा होता, हे तिला माहीत होतं. तिनं दाराच्या काचेतून बघितलं. स्टँड रिकामा होता. पिठ्या त्याच्यापुढे पाठमोरा उभा होता, हातातला रंधा घरघरत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

ताईनं दार ठोठावलं नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रंधा बंद व्हायची वाट बघत राहिली. तो बंद झाला, नळाचं पाणी वाहिलं, मग दार उघडलं.

"चल," ती म्हणाली. "वाढलंय."

"आलो," पिठ्या म्हणाला, आणि तिच्या मागोमाग वर गेला.