उजव्या बाजूचं हरीण

रेगिस्तान चौकातलं, शेरदोर मदरशाच्या कमानीवरचं उजव्या बाजूचं हरीण मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता खाली पडलं.

म्हणजे, पडलं नाही. समरकंदच्या सुशोभन समितीच्या वहीत ते अजून वाघाच्या पुढे पळतं आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे. समितीच्या वहीपेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारे आपण कोण? तेव्हा ते पडलंच नाही असं धरून चालू आणि एप्रिलपासून सुरुवात करू.

एप्रिलमध्ये सानोबार शिडीगाडीच्या पिंजऱ्यात उभी राहून त्या हरणाच्या पोटावर बोटाच्या सांध्याने टकटक करत होती. ही शिडीगाडी चौकातले दिवे पुसणाऱ्यांची. वर्षातून एक दिवस ती कौलकामाच्या, म्हणजे भिंतींवर रंगीत चकचकीत कौलांचे तुकडे जडवणाऱ्यांच्या, कार्यशाळेला उसनी मिळते आणि त्या एका दिवसात सानोबारला तिन्ही मदरशांच्या भिंतींची नाडी बघायची असते. ती बावन्न वर्षांची होती, तीस वर्षं याच कामात होती, आणि सगळा चौक तिला 'उस्तो', म्हणजे उस्ताद, म्हणायचा. समरकंदमध्ये ही पदवी कुणी कागदावर देत नाही, म्हणून ती काढूनही घेता येत नाही.

धड भिंत 'ठक्' म्हणते. उजव्या बाजूचं हरीण 'ढब' म्हणालं. सियाब बाजारात कलिंगडाने असा आवाज काढला असता तर तिने लगेच घेतलं असतं. चारशे वर्षांच्या हरणाने काढला तेव्हा तिने तिथेच पुन्हा टकटक करून बघितलं. पांढरी कौलं विटेपासून सुटली होती आणि केवळ सवयीने चिकटून होती. त्यातले पोटाचे अकरा तुकडे पहिल्या कारागिरांचे आहेत असं कार्यशाळेत मानतात. तो पांढरा रंग आता कुणाच्या भट्टीत उतरत नाही.

कमानीच्या दोन्ही बाजूंना एकेका हरणामागे एकेक वाघ आहे. डाव्या बाजूचं हरीण ठणठणीत होतं. असायलाच हवं. तेवीस वर्षांपूर्वी ते सानोबारनेच बसवलं होतं.

तिने कमानीचा कागद काढला, खराब हरणाभोवती लाल वर्तुळ केलं, आणि दुरुस्तीसाठी समितीकडे पाठवला.

इथेच ती चुकली. कार्यशाळेचा कागद उलटा असतो. कौलांचे तुकडे कागदावर पालथे मांडतात, रंगीत तोंड खाली, आणि पाठीवर गिलावा ओततात. गिलावा सुकला की अख्खी फरशी उचलून भिंतीला लावतात. म्हणून नक्षी आरशातल्यासारखी काढावी लागते. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. तसं कागदावर कुणी कधी लिहीत नाही. बुटावर 'हा पायात घालायचा' असं लिहितात का? समितीचा आधीचा साहेब स्वतः कौलं भाजत म्हातारा झालेला होता. त्याला कागद मिळाला की तो मनातल्या मनात पालटून घ्यायचा. तो निवृत्त झाला. त्याच्या जागी नुसरात हमरोयेविच आला, वय चौतीस, पूर्वीचं खातं बागबगीचे.

जूनमध्ये मंजुरी आली. 'डाव्या बाजूचं हरीण फोडून नवीन बसवावं. मुदत: शरद महोत्सवाआधी.'

सानोबारने मंजुरी तीनदा वाचली, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि पायीच समितीच्या कचेरीत गेली.

"नुसरात हमरोयेविच, ते हरीण चुकीचं आहे."

"कुठलं, ओपा?" ताईला म्हणावं तसं तो म्हणाला.

"डावीकडचं. म्हणजे ते बरोबर आहे. म्हणून तर चुकीचं आहे."

नुसरातने चहाची किटली पुढे ओढली. "बसा, ओपा. लाल वर्तुळ तुम्हीच काढलंत ना?"

"उजव्या हरणावर काढलं."

"कागदावर तर डावीकडे दिसतंय."

"कागद उलटा असतो."

त्याने कागद उलटा धरला. वाघाचे आणि हरणाचे पाय आकाशाकडे गेले. "असा?"

"तसा नव्हे हो. मागून. भिंतीच्या आत उभं राहून बाहेर बघितल्यासारखा."

"भिंतीच्या आत कोण उभं राहतं?"

"आम्ही. तीस वर्षं."

नुसरात हसला. बागेतून आलेला माणूस, हसायचा छान. "ओपा, तुम्ही उगीच जिवाला लावून घेता. समोर उलुगबेगचा मदरसा. दोनशे वर्षांनी यालांगतुश बहादूर आला आणि त्याने समोरासमोर शेरदोर बांधला, आरशात बघून बांधावा तसा. बरोबर? मग अख्खा चौकच आरसा झाला. आरशात डावं-उजवं कोण बघत बसतं?"

"दाढी करणारा बघतो. नाहीतर कान जातो."

"पण दोन्ही हरणं सारखीच आहेत ना?"

"तुम्हाला दोन मुलं आहेत ना? ताप एकाला आला तर सुई दुसऱ्याला टोचता का?" तिचा आवाज आता बाहेरच्या कारकुनांपर्यंत पोचला होता. "आणि आरशाचं म्हणाल तर तोही तंतोतंत नाही. मधल्या दोनशे वर्षांत चौकाची जमीनच वर आली होती, म्हणून मापं जुळेनात. पण ते मिस्तरी निदान चौकात जाऊन मोजून आले. तुम्ही इथून किती लांब आहात? चारशे पावलं."

"मी जागेवर येऊन काय करू? मंजुरी कागदाला आहे."

"मग दिशा लिहा. दक्षिणेकडचं हरीण. दक्षिण तर कुणाच्या आरशात फिरत नाही."

"फॉर्मवर दिशेचा रकाना नाही. डावं आणि उजवं, दोनच आहेत. बदल हवा असेल तर नवा प्रस्ताव द्या. पुढच्या वर्षी घेऊ."

"पुढच्या वर्षापर्यंत ते टिकायचं नाही."

"तसंही लिहा प्रस्तावात." आणि त्याने तिचा पियाला काठोकाठ भरला.

समरकंदमध्ये पियाला अर्धा भरला तर पाहुण्याने बसावं, काठोकाठ भरला तर उठावं. सानोबार बसली. तो अख्खा पियाला तिने घोट घोट करत संपवला, रिकामा पुढे केला आणि म्हणाली, "अजून एक." तिसऱ्या पियाल्यानंतर नुसरात स्वतःच उठून कुठेतरी मीटिंगला गेला.

जुलैमध्ये तोशपुलातने डाव्या बाजूला परांची बांधली. तोशपुलात साठीचा, त्या चौकातल्या प्रत्येक वास्तूवर लटकून झालेला माणूस; चौकाचा 'अका', म्हणजे दादा.

"तोश-अका, ही चार पावलं उजवीकडे बांधली असती तर हात मोडला असता का?"

"हात नसता मोडला. पहारेकरी आहे ना. त्याच्याकडे पास आहे, पासावर 'डावी' लिहिलंय. आणि त्याला डावं-उजवं पक्कं कळतं, सैन्यात होता."

सानोबार छिन्नी घेऊन वर चढली. आपण बसवलेल्या हरणासमोर ती तासभर बसली. तेवीस वर्षांपूर्वी त्याचा मागचा डावा पाय जुळवताना तिला तीनदा गिलावा फोडावा लागला होता. तो सांधा आता तिलाही सापडेना. तिने छिन्नीला शिवी दिली, मग फॉर्मला, मग बागबगीच्यांना, आणि खाली उतरली.

"फोडलंस?"

"तुमचं डोकं फोडीन."

तोशपुलातने परांचीला पाठ टेकली. "अगं, मग फोडू नकोस. परांचीभोवती कापड लाव, दहा दिवस आत बसून नान खा, आणि झालं म्हणून सांग. त्या साहेबाला काय कळतंय?"

सानोबारला हा सल्ला अजिबात आवडला नाही. तिने तो तंतोतंत पाळला. दहा दिवस ती कापडाआड बसली, हरीण साबणाच्या पाण्याने धुतलं, मऊ फडक्याने पुसलं. अकराव्या दिवशी समिती आली. सात माणसं, सात छत्र्या. कापड निघालं.

"वा," नुसरात म्हणाला, "जुन्याला ही चमक नव्हती."

"जुन्याचे कान जरा मोठे होते, नाही?" दुसरा एक सदस्य म्हणाला.

"आता प्रमाणात आहेत," तिसऱ्याने शिक्कामोर्तब केलं.

सानोबार दात आवळून उभी होती. त्यांनी 'काम पूर्ण' असा दाखला पुढे केला. तो सही करून दिला तर परांची लगेच मोकळी होईल आणि पहारेकऱ्याचा नवा पास येईपर्यंत एखादा दिवस उजवीकडे सरकवता येईल, हा तिचा हिशोब. तिने सही केली. दाखल्याला आधार म्हणून तोच लाल वर्तुळाचा कागद टाचला गेला. तिने तो पाहिला आणि त्यात तिला काही गैर दिसलं नाही, कारण तिच्या दृष्टीने तो कागद पहिल्यापासून बरोबरच होता.

सोमवारी ती आणि तोशपुलात परांची सुटी करून उजवीकडे ओढायला लागले. पहारेकरी आला, पास बघितला आणि परांची गोदामात पाठवली.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला एक नवरा-नवरी कमानीसमोर फोटो काढायला उभी होती. मागे आवाज झाला, मोठा नाही, ताटं घसरल्यासारखा. धूळ बसली तेव्हा नवरीच्या झग्यावर पांढरी भुकटी होती आणि वर, वाघाच्या पुढे, नुसती वीट. कुणाला लागलं नाही. वऱ्हाडातल्या एका काकूंनी हा शुभशकुन असल्याचं जाहीर केलं.

झाडूवाल्यांच्या आधी सानोबार पोचली. गुडघ्यांवर बसून तिने तुकडे ओच्यात वेचले. पोटाच्या अकरांपैकी नऊ शाबूत होते, दोनांचं पीठ झालं होतं. ते पीठही तिने रुमालात बांधलं. त्या दिवशी डोकं उघडं टाकून ती कचेरीत गेली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"पडलं," ती म्हणाली.

"काय?"

"हरीण. उजवं. आता फॉर्म काढा, नवा प्रस्ताव काढा, काय काढायचं ते काढा. आजच्या आज परांची हवी, नाहीतर वाघही जाईल."

नुसरातने फाइल काढली आणि दाखल्यामागचा कागद बराच वेळ पाहिला. मग त्याने तो उचलला, खिडकीच्या काचेवर धरला आणि मागच्या बाजूने पाहिला. पहिल्यांदाच. त्याच्या चेहऱ्यावर समजल्याचा आनंद पसरला.

"ओपा, तुमचं बरोबर होतं. कागद उलटा आहे."

"मी एप्रिलपासून तेच सांगतेय."

"म्हणजे लाल वर्तुळ उजव्या हरणावर आहे."

"हो."

"आणि लाल वर्तुळातल्या हरणाचं काम पूर्ण झालंय. ही तुमची सही."

त्याने सहीवर बोट ठेवलं.

"म्हणजे उजवं हरीण नुकतंच नवं बसवलंय. दहा वर्षांच्या हमीने. ते कसं पडेल?"

तिने ओचा त्याच्या टेबलावर रिकामा केला. पांढरे तुकडे फाइलींवरून घरंगळले. "हे काय आहे मग?"

"हे कुणी कुठून आणलं, त्याची नोंद नाही." त्याने एक तुकडा दोन बोटांनी बाजूला सरकवला, दाखल्यावर ओरखडा पडू नये म्हणून.

"फोटो आहे. नवरा-नवरीचा. त्यात दिसतंय."

तो फोटो त्यानेही फोनवर पाहिला होता, सगळ्या गावाने पाहिला होता. "त्यात ते अर्ध्यात आहे, ओपा. पडतंय असं म्हणता येईल. पडलंय असं नाही म्हणता येणार."

तिने टेबलावरची किटली उचलली. बाहेरच्या कारकुनांना वाटलं, फेकणार. तिने ती खाली ठेवली, तुकडे एकेक करून परत ओच्यात भरले, पियाल्यात पडलेला एक तर बोटांनी चहातून काढला. दारात ती थांबली.

"तुम्हाला जे कळायला हवं होतं ते कळलं, नुसरात हमरोयेविच. फक्त ज्या दिवशी कळून माझा घात होईल त्याच दिवशी कळलं. ही अक्कल एप्रिलमध्ये कुठल्या बागेत खुरपत होती?"

कार्यशाळेत आल्यावर तिने तुकडे कोऱ्या कागदावर पालथे मांडले. तोशपुलात आला, बघत उभा राहिला. "माझाच सल्ला होता," तो म्हणाला. "हो, तुमचाच होता," ती म्हणाली, आणि त्याला खळ ढवळायला बसवलं. मग तिने दौत ओढली आणि लिहायला घेतलं.

'मा. सुशोभन समिती, समरकंद, यांच्या सेवेशी.

अर्जदार सानोबार, कौलकाम कार्यशाळा, रेगिस्तान, सविनय कळविते की शेरदोर मदरशाच्या कमानीवरील उजव्या बाजूचं हरीण आपल्या नोंदीनुसार जागेवर असल्याने अर्जदार त्याच्या दुरुस्तीची मागणी करीत नाही. मात्र सदर जागी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वीट दिसते व वाघ कुणाच्या मागे धावतो आहे याचा उलगडा होत नाही.

तरी समितीच्या सात सदस्यांनी आठवड्याचे सात वार आपसांत वाटून घ्यावेत, व आपल्या वारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सदर जागी, भिंतीला घट्ट चिकटून, चारही हातपाय उचललेल्या धावत्या स्थितीत हजर राहावं. पांढरा रंग कार्यशाळा विनामूल्य लावून देईल. मधल्या वेळी जेवणासाठी उतरता येणार नाही, कारण वाघही उतरत नाही. पहिला वार नुसरात हमरोयेविच यांना द्यावा व मंजुरी महोत्सवाच्या आत लेखी कळवावी, ही नम्र विनंती.'