टोपाच्या भाड्यावर चाललेला वर्ग

मित्रांनो, तुमच्यापैकी तिघे जण आत उकिडवे बसले तरी जागा उरेल, एवढ्या पोटाचा मी एक जुना टोप आहे. तांब्याचा आहे, दोन कड्यांचा आहे आणि पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिच्या गावकीचा आहे. आता माझ्या बुडाला एक पोचा आलाय आणि एक कडी सैल झाली आहे, पण त्याची मला लाज वाटत नाही. राबणाऱ्याला एवढं व्हायचंच.

माझा जन्म महाडच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला इतकं ठोकलं, की मी याचं काय वाकडं केलं होतं, असं मला वाटायचं. वाडीच्या मुंबईकरांनी वर्गणी काढून मला विकत घेतलं आणि चौघांनी बांबूला बांधून डोंगर चढवला. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो की पूजा, वाडीचा भात माझ्यातच शिजू लागला. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने गावकीकडे भाडं भरायचं, मला घासून लख्ख करायचं, आणि परत देताना रिकामं द्यायचं नाही, तळाशी मूठभर तांदूळ ठेवायचे, अशी रीत होती. "या टोपात भात कसा मोकळा होतो," असं बायका म्हणायच्या. ते ऐकून मी फुगायचो. मुळातच फुगलेला असल्यामुळे कुणाच्या ते लक्षात येत नसे.

माझा मुक्काम देवळाच्या पडवीत असे. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तेव्हा त्याच पडवीत संध्याकाळी लहान मुलांचा वाचनाचा वर्ग सुरू झाला. वाडीच्या शाळेत गुरुजी एक आणि इयत्ता चार. गुरुजी चौथीकडे वळले की पहिली-दुसरीची पोरं नुसती बसून राहत. मुंबईच्या एका संस्थेने हे पाहिलं आणि माधुरीला शिकवून तयार केलं. माधुरी वाडीची सून, बारावीपर्यंत शिकलेली. संस्था तिला थोडं मानधन देई आणि चित्रांची, गोष्टींची कार्डं पाठवी. पोरं माझ्या पोटाला टेकून बसायची आणि अक्षर लागलं की माझ्यावर टिचकी मारायची. माझी काही तक्रार नव्हती.

वर्षभराने संस्थेचे पैसे संपले. माधुरीचा नवरा मुंबईला कंपनीत होता. तो म्हणाला, तिथे फुकट कशाला राबतेस, इकडे ये, तुलाही काम मिळेल. माधुरीचं जायचं जवळजवळ ठरलं होतं. शिमग्याला गावकीची बैठक बसली, तेव्हा मात्र ती उभी राहिली. सुनांनी बैठकीत बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे सगळेच चमकले.

"आबा, पोरांना आत्ता कुठं अक्षरं लागायला लागलीत," ती गावकीचे पुढारी रायबा यांना म्हणाली. त्यांना सगळी वाडी आबाच म्हणे. "आत्ता सोडलं तर परत पाटी कोरी. टोपाचं भाडं वर्गाला द्या. मी राहते."

त्या वर्षी भाड्यातून देवळाला भोंगा घ्यायचं घाटत होतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांची नात जनी दुसरीत होती. पुस्तक हातात दिलं की ती न थांबता पानभर म्हणून दाखवायची, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावंच लागे.

"देतो," आबा म्हणाले. "पण फुडल्या शिमग्याला समदी पोरं आमच्या जनीसारखी धडाधडा वाचाया पायजेत. नायतर पैसं बंद."

माधुरीने जनीकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. तिचा आवाज मला जरा बारीक वाटला. कारण मला जे ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक होतं. जनीला एक अक्षर वाचता येत नव्हतं. थोरल्या भावाचं ऐकून तिने धडे पाठ केले होते. ती घडाघडा बोलायची तेव्हा पान भलतंच उघडलेलं असे आणि तिचे डोळे वाशावरच्या चिमणीकडे असत. पण भर बैठकीत हे बोललं असतं तर आबांचं तोंड उतरलं असतं आणि वर्गही बुडाला असता.

वर्ग चालायचा तर भाडं भरपूर यायला हवं, म्हणून मी कंबर कसली. तोवर खालच्या गावांत केटरर आले होते, ॲल्युमिनियमची हलकी भांडी घेऊन. मला कोण विचारणार? पण महाडचे टेम्पोवाले हसनभाई वाडीच्या पायथ्याला माल घेऊन येत. त्यांची मुलगी नबीला नुकती पहिलीत गेली होती, त्यामुळे माधुरीची धडपड त्यांना कळली असावी. "तांब्याचा टोप हाय, भात खाऊन बघा," असं ते जिथे तिथे सांगत सुटले आणि त्यांनी माझी वरात थेट वरंधपर्यंत नेली. बुडाचा पोचा त्याच फेऱ्यांतला. दमून परत यावं तर पडवीत कुणीतरी नवा शब्द वाचत असे. इतका सुखी मी लग्नाच्या पंगतीतही झालो नव्हतो.

इकडे माधुरीने जनीचं पाठ झालेलं पुस्तक काढून घेतलं आणि तिने कधी न ऐकलेल्या गोष्टी तिच्यापुढे ठेवल्या. जनी आधी रुसली, मग बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागली. एक दिवस आबांनी पाहुण्यांपुढे तिला वाचायला बसवलं. जनी अडखळत, थांबत वाचू लागली. पाहुणे आढ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आबा तरातरा पडवीत आले.

"सूनबाय, ह्यो काय परकार? पैसं दिलं नि पोरगी व्हती त्यापरीस ठोंब झाली. आता एक वळ वाचाया तिला पार दिवस मावळतो. उद्यापासनं वर्ग बंद."

माधुरीचा चेहरा उतरला. पण ती हटली नाही. "आबा, आधी ती वाचतच नव्हती. पाठ म्हणत होती. बसा जरा, नि ऐका. मग काय ते ठरवा."

आबा मला पाठ टेकून बसले. जनीने नवं कार्ड घेतलं.

"म्है-स... न्हा-व्या-कडे... गे-ली." आबांनी सुस्कारा सोडला. जनीचं बोट पुढे सरकलं, ओठ नुसतेच हलले, आणि ती एकदम इतकी हसली की कार्ड हातातून पडलं.

"काय झालं गो हसाया?"

"आबा, थांबा की. फुडं हाय."

पुढे काय आहे ते त्या घटकेला फक्त जनीला माहीत होतं. सगळ्या गावकीला ताटकळत ठेवणारे आबा सात वर्षांच्या पोरीपुढे गप्प बसून राहिले.

"म्हणा-ली... माझी... शिं-गं... विं-च-रून... द्या."

आबांचं पोट हललं. ते मला तांब्यातून कळलं.

"इतक्यांदा धडाधडा बोलली," ते हळूच म्हणाले, "पर कवा हसली नव्हती." आणि मग नातीला म्हणाले, "आजून एकदा वाच. घाई नको."

पुढच्या शिमग्याला आबा बैठकीत छाती काढून उभे राहिले. "आमची जनी आता हळू वाचती," त्यांनी सांगितलं. "पैसं चालू ठेवायचं." मुंबईकर मंडळी म्हाताऱ्याकडे बघतच राहिली. माधुरी पदराआड हसत होती, आणि तिचे डोळेही पाणावले होते. भोंगा घ्यायचा राहून गेला. वर्ग पुढे कितीतरी वर्षं चालला.

मित्रांनो, मला घासून ठेवा आणि वर्षाला एकदा कल्हई करा, एवढंच मी माझ्यासाठी मागतो. पण तुमच्या घरी कुणी लहानगं बोट ठेवून अडखळत वाचत असेल, तर पुढचा शब्द तुम्ही सांगून टाकू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि तो त्याचा त्याला सापडेपर्यंत थांबा.