कपाटाखालचा जॅक

आमच्या गाडीला घरात सगळे घोरपड म्हणतात. रंग तसा, चाल तशी, आणि एकदा रस्त्याला चिकटली की चौघांनी ओढल्याशिवाय सुटत नाही. तिचं वय विचारू नका. घेतली तेव्हा रस्ते इतके रिकामे होते की समोरून दुसरी गाडी आली तर दोन्ही चालक खाली उतरून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत. एकदा तिचा हॉर्न अडकला तो तीन गावं मागे पडेपर्यंत वाजत राहिला. तिसऱ्या गावात तर कारखान्याचा भोंगा झाला असं समजून सगळे कामगार डबे आवरून घरी गेले. त्यातले दोघे मला अजून दुवा देतात.

पण यात तिळाएवढीही भर नाही की तिच्या देखभालीत मी कधी हयगय केली नाही. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, बॉनेट उघडायचं. तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. रेडिएटरमधलं पाणी इंजिन थंड असतानाच बघायचं, कारण गरम असताना झाकण उघडणारा माणूस भुवया गमावतो. माझ्या दोनदा गेल्या आणि दोनदा आल्या. मग पट्ट्याचा ताण, बॅटरीची टोकं, चारही चाकांची हवा आणि पाचव्या चाकाची, म्हणजे स्टेपनीचीही. शेवटी पाना, धोक्याचा लाल त्रिकोण, जॅक. प्रत्येकापुढे वहीत ‘आहे’ असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. अशा चौदा वह्या भरल्या होत्या. बायको म्हणायची, माझ्या तब्येतीची इतकी चौकशी केली असती तर मी अजून वीस वर्षांची असते.

बायकोचं लायसन माझ्याआधीचं. पण एका गाडीला दोन हात लागले की गाडी बिघडते, असं माझं मत होतं आणि घरात माझ्या मताला मान होता, असंही माझं मत होतं. तरी ती ते लायसन मुदत संपायच्या आत नवं करून आणायची. कशाला, म्हणून विचारलं की म्हणायची, असू दे.

एका खेपेला आम्ही लेकीकडे पोचलो ते दुधाच्या टेम्पोत बसून. घोरपड मागे दोराला बांधलेली. लेकीच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं गच्चीत आली होती. लेकीने आत जाऊन चहा टाकला, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. आरडाओरडा करणारी माणसं परवडतात. चहा झाल्यावर तिने शांतपणे अट घातली. पुढच्या रविवारी दुपारी बाराच्या आत याच गाडीने, गाडीबाहेरच्या कुणाचीही मदत न घेता, फाटकाशी यायचं. आलात तर गाडी राहील. नाही आलात तर किल्ली माझ्याकडे आणि गाडी भंगारात.

मी म्हटलं, अगं, गाडीला नवं काही नको, तिला फक्त समजून घ्यावं लागतं.

“बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तरचे आहात,” ती म्हणाली. “फोन वाजला की मला वाटतं, तुम्ही दोघं कुठेतरी कडेला उन्हात बसलेले असणार. मला ते चित्र नको आहे.”

मी अट मान्य केली.

पंच म्हणून तिने तिच्या मामाला नेमलं. माझा हा मेहुणा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू फिरवलेला माणूस. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चुकलं तर सूर्यानेच काहीतरी घोळ केला असं समजावं. आणि त्याला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की उचकी लागते. लहानपणी एकदा बहिणीची बाजू घेऊन खोटं बोलला, ती उचकी म्हणे परीक्षा संपेपर्यंत टिकली.

रविवारी साडेआठला निघालो. वाट पंच्याण्णव किलोमीटरची. मी चाळीसच्या वर नेत नाही, इंजिनाला आवडत नाही. तरी बारा वाजायला तासाहून जास्त वेळ उरला असता. शेजारी बायको, मागच्या सीटवर मेहुणा, डिकीत लेकीसाठी हिने वाढवलेल्या रोपांच्या चार कुंड्या, ती रोपं लावायला एक खुरपं आणि पाण्याचा कॅन. ऊन कोवळं, रस्ता सरळ. मी मेहुण्याला सांगत होतो की विसरणं हा शब्द माझ्या कोशात नाही. तेवढ्यात मागून फट्ट करून आवाज झाला आणि घोरपड डाव्या कुशीवर कलली.

मेहुण्याने घड्याळ पाहिलं. नऊ पन्नास. पंचावन्न किलोमीटर मागे, चाळीस पुढे.

घाबरायचं कारण नव्हतं. पंक्चर म्हणजे काही आकाश कोसळणं नव्हे. गाडी रस्त्यावरून खाली, मातीच्या सपाट पट्टीवर घेतली. इंजिन बंद, गिअरमध्ये ठेवली, हॅन्डब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. मागे पन्नास पावलांवर त्रिकोण उभा केला. कुंड्या उतरवल्या, स्टेपनी काढली. ती लाडवासारखी टणक होती, आणि ती दोघांनी दाबून पाहावी असा मी आग्रह धरला. चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करून घेतले, कारण चाक उचलल्यावर ते नटाबरोबर फिरत बसतं. हे सगळं मी समजावून सांगत होतो. मग डिकीत हात घातला.

डिकीत जॅक नव्हता.

“वहीत काय लिहिलंय?” हिने विचारलं.

वहीत ‘आहे’ असं लिहिलं होतं. सहीसकट. आणि ते खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कपड्यांच्या कपाटाचा पाय मोडला, तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो, सुतार कशाला हवा, जॅक अख्खी मोटार उचलतो, तुझ्या साड्या काय चीज आहेत. तेव्हापासून तो कपाटाखाली उभा होता. दर रविवारी मी वही घेऊन ज्या खुर्चीत बसायचो, तिथून तो समोर दिसायचा. दिसला की मी लिहायचो, आहे. शंभरावर रविवार त्याने इमानाने हजेरी दिली होती.

मेहुण्याने विचारलं, “भाऊजी, म्हणजे जॅक हरवलेला नाही?”

“छे, छे. सुखरूप आहे.”

त्याला हसू आवरेना. ही मात्र हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि एवढ्या वर्षांत मी शिकलोय की त्या नजरेपुढे उभं राहू नये, काहीतरी करत असल्यासारखं दिसावं. म्हणून मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. चालक उतरला, धिप्पाड, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. आजोबा, जॅक देऊ का, म्हणाला, दहा टनांचा आहे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण मेहुण्याने घसा खाकरला. अट अट होती. मी म्हटलं, नको, आमच्याकडे आहे. कुठे, असं त्याने विचारल्यावर हिने त्याला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, कपाटाच्या लाकडाच्या जातीसकट. तो शेजारच्या, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, मदत चालत नसेल तर नको, पण मी इथे बसून हसलो तर चालेल का? पंचांनी क्षणभर विचार केला आणि हसणं ही मदत होत नाही असा निकाल दिला.

मी तीन उपाय सुचवले. फांदीने उचलणं, दोर बांधून झाडावरून ओढणं, आणि तिघांनी मिळून खांद्यावर घेणं. तरुणपणी मी एकट्याने बैलगाडी उचलली होती, असंही सांगितलं. बैल जुंपलेले होते की नव्हते, असं चालकाने कठड्यावरून विचारलं.

ही इतका वेळ खाली बसून चाकाकडे पाहत होती. तिने खुरप्याचं टोक मातीत खुपसलं, फिरवलं, आणि उठली.

“गाडी वर जात नाही ना? मग जमीन खाली जाऊ दे.”

कठड्यावरचं हसणं थांबलं. चालकाने सफरचंद खाली ठेवलं.

युक्ती सोपी होती, म्हणूनच माझ्या डोक्यात आली नव्हती. मोरीचा ढासळलेला भाग शेजारीच होता. तिथले चपटे दगड आणून मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड लोखंडी आसाखाली, पंक्चर चाकाच्या जवळ, आम्ही ते एकावर एक असे घट्ट रचले की बोटही जाईना. मग हिने चाकाखालची माती उकरायला घेतली. गाडीच्या पोटाखाली कुणीही हात घालायचा नाही, बाहेरूनच खरवडायचं, असा तिचा हुकूम. कॅनमधलं पाणी ओतून ती माती नरम करायची, खुरप्याने ओढायची, मेहुणा ती ओंजळीने बाजूला रचायचा. मी देखरेख करत होतो. देखरेख करून करून मला घाम फुटला, तेव्हा चष्मा काढून मी मातीच्या ढिगावर ठेवला आणि तोंड पुसलं.

हळूहळू भार दगडांवर बसला आणि बसकं चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबायला लागलं. नट काढले, चाक काढलं, टणक स्टेपनी बसावी म्हणून खड्डा आणखी वीतभर खोल केला. स्टेपनी चढवली, समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळले. मग मेहुण्याने तोच मातीचा ढीग पुन्हा खड्ड्यात लोटला, वरून बारीक दगड टाकले, आणि ही त्यावर उभी राहून बाहेरच्या बाजूने पायाने दाबत सुटली. खालून काहीतरी करकरलं. खडा असेल, ती म्हणाली.

खडा नव्हता.

पुढच्या चाकांचे दगड काढले, हॅन्डब्रेक सोडला, गाडी हाताने पुढे ढकलली, ती रचलेल्या दगडांवरून उतरली, भार चाकावर आल्यावर नट पुन्हा एकदा आवळले. अकरा वाजून दहा मिनिटं. मी रुबाबात स्टिअरिंगपुढे बसलो, आणि समोर मला रस्त्याच्या जागी एक राखाडी पातळ वाळत घातलेलं दिसलं. नाक चाचपलं. ढीग आठवला.

मी गप्प राहिलो असतो. खरं सांगतो, किल्लीवर हात होता. चाळीस किलोमीटर सरळ रस्ता, सवयीने नेली असती. पण काचेतून ती बाजूला उभी असलेली दिसली, मातीने बरबटलेली, हातात खुरपं, म्हणजे असावं, कारण नुसता आकारच दिसत होता. लेकीचं ते उन्हातलं चित्र आठवलं. मी उतरलो आणि दार तिच्यासाठी उघडं धरलं.

“लायसन आहे ना जवळ?” मी विचारलं.

“असतंच,” ती म्हणाली.

चालकाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पंचांनी तेही चालवून घेतलं.

पुढच्या प्रवासाबद्दल मी काय सांगू? मला दिसत नव्हतं, आणि मेहुण्याने डोळे मिटले होते. काटा साठावर गेला असं तो नंतर म्हणाला. चाळिसाच्या पुढच्या आकड्यांवर इतक्या वर्षांची धूळ होती, ती काट्याने पुसत नेली. घोरपड खोकली नाही, शिंकली नाही. ज्या चढावर मी तिला चुचकारत पहिल्या गिअरमध्ये न्यायचो, तिथे ती गुणगुणत चढली. मला तिचा थोडा रागच आला.

फाटकाशी थांबलो तेव्हा मेहुण्याने डोळे उघडून घड्याळ पाहिलं. अकरा त्रेपन्न. लेक तिथेच उभी होती. आधी तिने आईला पाहिलं, मग बाजूला बसलेल्या मला. माझा चष्मा कुठे आहे, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, चाळीस किलोमीटर मागे पुरलाय, आणि हेही खोटं नव्हतं. मग तिने मामाला विचारलं की काय झालं. मी त्याला हळूच कोपर मारलं. त्याने तोंड उघडलं, उचकी आली, आणि त्यासरशी त्याने सगळं सांगून टाकलं. कपाट, वही, सफरचंद, खुरपं.

लेक फाटकाला धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने आईचे चिखलाचे हात आपल्या हातात घेतले, आणि ते पाणी थोडा वेळ तसंच येत राहिलं.

निकाल असा लागला. मदत घेतली नाही, बाराच्या आत आले, म्हणून घोरपड भंगारात जाणार नाही. पण किल्ली आईकडे राहील. मी पंचांकडे अपील केलं. पंच जेवायला बसले होते.

तेव्हापासून मी बाजूच्या सीटवर बसतो. डाव्या खिडकीतून दिसणारा देश वेगळाच आहे, इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नव्हतं. जॅक आता डिकीत असतो. निघण्याआधी ही स्वतः हात घालून बघते आणि मगच दार लावते. वही ठेवत नाही.

कपाट? त्याला काही झालेलं नाही. जॅक काढल्यावर त्या पायाखाली काय सरकवावं याचा मी विचार करत होतो, तोवर हिने माझ्या चौदा वह्या आणून एकावर एक रचल्या. उंची सूतभरही कमी-जास्त नाही.